सांडपाण्याचा प्लांट: बांधायला पैसा मिळते, चालवायला कुठून आणाल?

गाव वाढून राह्यलं की ते सगळ्यात आधी नालीत दिसते. घरोघर नळ आले, न्हाणीघरं पक्की झाली, वॉशिंग मशीन आल्या, संडासाच्या टाकीचं वरचं पाणी पाइप टाकून सरळ नालीत सोडलं, आणि हे सगळं जाते कुठं तर गावाखालच्या नाल्यात, तिथून नदीत, अन् नदीकाठच्या विहिरीतून परत कोणाच्या तरी नळात. नागपूरचंच बघा ना. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, अन् वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात, म्हणजे नागपूरच्या मोरीतलं पाणी भंडारा-पवनीकडच्या लोकांच्या दारात. तालुक्याच्या गावाचं बी तेच, फक्त आकडे लहान.

ग्रामसभेत "सांडपाण्याचं काहीतरी करा" असं सगळेच म्हणतात, पण पैशाचा विषय निघाला की एकच उत्तर, शासनाकडून निधी आणा. निधी येते बी. पण निधी आणणं हे सोपं अर्धं काम आहे असं माझं मत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२०-२१ चे आकडे बघा: देशातल्या शहरांत ७२,३६८ एमएलडी सांडपाणी, प्लांट बांधलेले ३१,८४१ एमएलडीचे, आणि खरोखर शुद्ध होत होतं २०,२३६ एमएलडी (एक एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर). म्हणजे जेवढं बांधलं त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नुसता पडून होता. कुठं प्लांटपर्यंत पाइपच पोचला नाही, कुठं वीजबिल थकलं, कुठं ऑपरेटर पगार नाही म्हणून गेला. म्हणून इथं मी उलट्या बाजूनं सांगतो: आधी महिन्याचा खर्च, मंग बांधकामाचा पैसा. सरपंच, सदस्य, नगरपंचायतीचे नगरसेवक, पाणी समितीवाले, अन् ज्याच्या वावराला लागून नाला जाते असा कोणीबी, सगळ्यांसाठी आहे हे.

पहिले पाणी मोजा, माणसं नाही

डीपीआरात (प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात) पाणी कागदावर मोजतात. गावाला जलजीवनचे माणशी ५५ लिटर धरायचे, त्यातलं ६५-७० टक्के बाहेर येते असं मानायचं. शहराला माणशी १३५ लिटर आणि त्यातलं ८० टक्के. सहा हजार वस्तीच्या गावाचं झालं ३ लाख ३० हजार लिटर, त्यातून नालीत साधारण २ लाख ३० हजार. वीस हजारांच्या तालुक्याच्या गावाचं २१ लाख ६० हजार, म्हणजे सव्वादोन एमएलडीच्या आत-बाहेर.

पण खरं पाणी नालीच्या शेवटच्या तोंडाशी जाऊन मोजा. १५ लिटरची बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच, आणि नालीच्या तोंडाला पत्रा किंवा पाइपचा तुकडा मातीनं पक्का लावून सगळं पाणी एका धारेत येईल असं करायचं. बादली ६ सेकंदात भरली तर सेकंदाला अडीच लिटर. याच्यावरून दिवसाचा हिशोब मात्र करू नका, काहून की सकाळी नळ सुटल्यावर सात ते नऊ जी धार असते ती दुपारी दोनला पाव बी राहत नाही. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत तासातासाला एक माप घ्या, वहीत लिहा, दोन पोरं बसवा. उन्हाळ्यात एकदा अन् पावसाळा संपल्यावर एकदा. पावसाळ्यात मोजाल तर पऱ्हाटीच्या वावरातलं पाणी बी त्यात येईल आणि प्लांट दुप्पट मोठा होईल. मोठा प्लांट म्हणजे मोठं टेंडर, अन् मोठ्या टेंडरला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

हे माप हातात असलं की एस्टिमेट घेऊन येणाऱ्या माणसाला विचारता येते, तुम्ही साडेतीन लाख लिटर कुठून काढले? आमच्या नालीत तर दोन लाखच येते. तिथंच लाखो रुपये वाचतात.

महिन्याचा खर्च आधी लिहा

समजा गावात १,२०० घरं आहेत आणि पाणी २ लाख ३० हजार लिटर. दोन पर्याय घेऊ.

एक, ब्लोअर लावून हवा मारायचा मशीनचा प्लांट. ब्लोअर १० एचपीचा, म्हणजे साडेसात किलोवॅट, दिवसाला १८ तास चालला तर महिन्याला ४,०५० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ३२,४०० रुपये नुसती वीज. वरून ऑपरेटर, रिपेरिंग, गाळ काढणं. आणि आपल्याकडे वीज जाते तो विषय वेगळाच. हवा लय वेळ बंद राहिली की टाकीतले जिवाणू मरतात, मंग प्लांट पुन्हा लायनीवर यायला दिवसचे दिवस जातात.

दोन, जाळी, गाळ बसवायची टाकी, आणि त्याच्या पुढं तळी किंवा कर्दळ लावलेले गिट्टीचे वाफे. उतार बरोबर असेल तर वीज जवळजवळ लागतच नाही, शेवटी पाणी वर वावरात द्यायचं असेल तर ३ एचपीचा एक पंप, सहा तास, महिन्याला ४०० युनिट, ३,२०० रुपये. जाळीतला कचरा रोज काढायला अन् गवत कापायला एक माणूस, त्याचे समजा ९,००० रुपये. पाणी तपासणी, चुना, किरकोळ मिळून ३,८००. झाले १६,०००. त्यात दर महिन्याला ४,००० रुपये बाजूला टाकायचे, गाळ काढायला अन् पंप जळला तर बदलायला. एकूण २०,०००.

आता हे २०,००० भागिले १,२०० घरं, म्हणजे घरामागं १७ रुपये. पण शंभरातले सत्तरच भरणार हे धरून चला, म्हणून महिन्याला २५, वर्षाचे ३०० रुपये. हा आकडा तुमच्या गावात बसतो का? बसत असेल तरच पुढचं वाचा. पहिल्या पर्यायाचा आकडा काढून बघा, तो ग्रामसभेत बोलायची हिंमत कोणाची होत नाही.

तळ्याला जागा लागते, हे खरं. एक एमएलडीला हेक्टरभर किंवा जास्तच. शहरात ती मिळत नाही म्हणून तिथं मशीन येते. आपल्याकडे गावठाणाखाली, नाल्याकाठी सरकारी जागा, ई-क्लास निघते, तिथं गावाचं हित पाहून आधी अतिक्रमण थांबवा. जागा हीच खेड्याची खरी भांडवली गुंतवणूक आहे, शहराला ती करोडोत घ्यावी लागते.

एक मधातलं सांगतो, शोषखड्ड्याचं. नांदेडचा शोषखड्ड्याचा पॅटर्न लय गाजला, अन् मुरमाच्या गावात तो चांगला चालते, रोजगार हमीतून करता येते, घरातलं पाणी घरीच जिरते, नाली लागतच नाही. पण आपल्याकडच्या काळ्या मातीत डोळे मिटून करू नका. आधी खड्ड्याच्या जागी जितकं खोल जाणार तितकं खणा, तळाशी फूटभराचा छोटा खड्डा करा, रात्रभर पाणी भरून माती मुरू द्या, सकाळी परत भरा आणि इंचभर पाणी उतरायला किती मिनिटं लागते ते बघा. तास लागला तर शोषखड्डा विसरा. काळी माती पाणी प्यायली की फुगते अन् तोंड बंद करते, आणि ऑगस्टात तो खड्डा पाणी घेण्याऐवजी वर देते, अंगणात काळपट फेस. खाली पाच-सहा फुटांवर मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत जा, नाही तर नालीतूनच तळ्याला न्या. विहीर, हँडपंप जवळ असेल तर बी नको.

बांधायचा पैसा: ग्रामपंचायतीसाठी

स्वच्छ भारत मिशन ग्रामीण टप्पा दोन मध्ये सांडपाण्याला माणशी हिशोब आहे. ५,००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत, ५,००० च्या वर माणशी ६६० रुपयांपर्यंत. आता हा फरक नीट बघा. ४,९०० च्या गावाला होतात १३ लाख ७२ हजार, आणि ५,१०० च्या गावाला ३३ लाख ६६ हजार. म्हणून तुमच्या गावाची लोकसंख्या आराखड्यात किती धरली ते पहिल्या दिवशी बघायचं, एस्टिमेट झाल्यावर नाही. यातला ३० टक्के हिस्सा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून घालायचा असते. सहा हजारांच्या गावाचं गणित: ३९ लाख ६० हजार एकूण, त्यात ११ लाख ८८ हजार तुमचे, २७ लाख ७२ हजार मिशनचे. मैला गाळाच्या व्यवस्थेला वेगळे माणशी २३० रुपये आहेत पण ते जिल्हा पातळीवरून, दोन-चार गावं मिळून किंवा जवळच्या शहराच्या प्लांटला जोडून.

वित्त आयोगाचं म्हणाल तर पंधराव्या आयोगात (२०२१-२२ ते २०२५-२६) ग्रामपंचायतीच्या पैशातला ६० टक्के बंधित होता: ३० टक्के पाणी, पावसाचं पाणी साठवणं अन् पाण्याचा पुनर्वापर यावर, ३० टक्के स्वच्छतेवर. बरेच लोक स्वच्छतेचे ३० टक्के नाल्या बांधण्यात घालवतात. नाली म्हणजे फक्त घाण पुढं ढकलणं, तिचं तोंड कुठं उघडते हे कोणी पाहत नाही. पाण्याच्या पुनर्वापराचं काम पहिल्या ३० टक्क्यातूनही बसते हे लक्षात ठेवा, म्हणजे शुद्ध केलेलं पाणी वावरात न्यायचा पाइप अन् पंप तिकडून घ्या. आयोग बदलला की टक्के बदलतात, म्हणून ताजा जीआर काढूनच जीपीडीपीत (ग्रामपंचायत विकास आराखड्यात) टाका. आणि जीपीडीपीत नसेल तर काहीच नाही, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कामच दिसणार नाही.

खाणीच्या जिल्ह्यांत, म्हणजे चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आहे. खाणबाधित गावांसाठीच आहे तो. पाणी, स्वच्छता, प्रदूषण नियंत्रण हे त्यातले प्राधान्याचे विषय, आणि प्राधान्याच्या विषयांवर आधी किमान ६० टक्के खर्च करायचा होता, २०२४ पासून ७०. तरी जास्त मागण्या येतात त्या रस्त्याच्या अन् सभागृहाच्या. बाधित गावांच्या यादीत तुमचं नाव आहे का ते कलेक्टर ऑफिसात बघून या. वेकोलि (कोळसा खाणी), मॉइल (मँगनीज खाणी), वीज केंद्रं, सिमेंट कारखाने यांचा सीएसआर, म्हणजे कंपनीनं समाजकामावर करायचा खर्च, बी मागता येते, कंपनी कायद्यात नफ्याच्या सरासरीचे २ टक्के आणि स्वच्छता त्या यादीत आहे. कंपनीला बोर्ड लावायला आवडते, म्हणून ते बांधकामाला लवकर हो म्हणतात. तुम्ही मात्र बांधकाम अधिक तीन वर्षांचा चालवायचा खर्च असं एकत्र मागा. एकदा नुसता बांधकामाचा चेक घेतला की नंतर त्या ऑफिसात कोणी चहा बी पाजत नाही.

आमदार निधी, जिल्हा वार्षिक योजना, हे तुम्हाला माहीतच आहे, त्यात मी पडत नाही. एक गोष्ट मात्र लोक विसरतात: जिल्हा ग्रामविकास निधी. सगळ्या ग्रामपंचायती दरवर्षी आपल्या उत्पन्नातला छोटा हिस्सा त्यात भरतात, आणि त्यातून जिल्हा परिषद ग्रामपंचायतीला कर्ज देते. बाजार ओटे, गाळे असं काहीतरी उत्पन्नाचं काम करायला. गाळ्याच्या भाड्यातून प्लांटचा ऑपरेटर पोसायचा, असा प्रस्ताव कोणी केला तर मला वाटते तो नुसत्या नालीच्या प्रस्तावापेक्षा दमदार ठरेल.

नगरपंचायत झाली तर

२०१४-१५ नंतर आपल्याकडची कितीतरी तालुक्याची गावं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. घरपट्टी वाढली, नाली तीच. तुमच्यासाठी दार वेगळं आहे, स्वच्छ भारत मिशन शहरी टप्पा दोन. एक लाखाच्या आतल्या शहरांना वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थेसाठी केंद्राचा वाटा ५० टक्के. पण यात प्लांट, पंपिंग स्टेशन अन् नाले अडवून-वळवून प्लांटला न्यायचं काम बसते, घरोघरचं भुयारी गटाराचं जाळं बसत नाही. अमृत दोन या केंद्राच्या शहरी योजनेत पाणीपुरवठा सगळ्या शहरांना आहे, पण मलनिस्सारण फक्त आधीच्या ५०० अमृत शहरांना, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ अशांना. लहान शहरासाठी बाकी राज्याची नगरोत्थान योजना.

आता इथं एक निर्णय घ्यावा लागते, अन् तो राजकीय आहे. भुयारी गटार ऐकायला लय भारी वाटते पण बहुतेक डीपीआरात सगळ्यात मोठा पैसा पाइपातच जाते, वरून रस्ते फोडून दोन वर्षं लोकांच्या शिव्या. वीस-पंचवीस हजारांच्या गावाला मी म्हणेन, उघडं पाणी नाला अडवून प्लांटला न्या, आणि संडासाच्या टाक्या ठरलेल्या वेळेला गाडीनं उपसून मैला वेगळ्या प्लांटला न्या. महाराष्ट्रातच साताऱ्याच्या वाई आणि नाशिकच्या सिन्नरनं हे करून दाखवलं. तिथं टाकी भरून वाहायची वाट पाहत नाहीत, तीन वर्षांच्या फेरीत घराघराची टाकी उपसतात, उपसायच्या दिवशी घरमालकाला पैसे मागत नाहीत, तो पैसा वर्षाच्या स्वच्छता करातून येते, आणि खाजगी ठेकेदाराला जेवढ्या टाक्या उपसल्या त्या कामावर बिल. ज्याच्या घरी गाडी येऊन जाते तो माणूस कर भरायला कुरकुर करत नाही, कारण आपल्या पैशाचं काय झालं ते त्याला दारात दिसते.

मोठी शहरं पैसा कसा उभा करतात तेही बघा, सगळं आपल्याला लागू होणार नाही पण कल्पना घेता येतात. गाझियाबाद महापालिकेनं २०२१ मध्ये १५० कोटींचा ग्रीन बॉण्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचा कर्जरोखा) काढला, सांडपाणी आणखी शुद्ध करून कारखान्यांना द्यायच्या प्लांटसाठी. बॉण्डला रेटिंग लागते, हिशोब ऑडिट झालेला लागतो, लहान नगरपंचायतीला एकटीला ते जमणार नाही. म्हणून तामिळनाडूनं १३-१४ लहान नगरपालिका एकत्र करून एकच बॉण्ड काढला होता, सुमारे ३० कोटींचा. महाराष्ट्रात असं कोणी विदर्भासाठी काहून करत नाही, हा प्रश्न तुमच्या आमदाराला विचारा. चेन्नईजवळच्या आलंदूरचं तर मला सगळ्यात आवडते: १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या नगरपालिकेनं भुयारी गटारासाठी घरामागं ५,००० रुपये आणि दुकान-कारखान्यामागं १०,००० रुपये लोकांकडून आधीच जमा केले, घरोघर जाऊन, रहिवासी संघटनांना धरून. लोकांनी भरले, काहून की काम होणार याची खात्री पटवून दिली होती.

पाणी विका

शुद्ध केलेलं पाणी नाल्यात सोडून देणं म्हणजे पैसा सोडून देणं. नागपूर महापालिकेनं भांडेवाडीच्या प्लांटचं पाणी महानिर्मितीच्या कोराडी अन् खापरखेडा वीज केंद्रांना द्यायची व्यवस्था केली. वीज केंद्राला थंड करायला पाणी पाहिजे, ते धरणाचं घेण्याऐवजी शहराचं घेते, तेवढं धरणाचं पाणी पिण्याला अन् शेतीला वाचते, आणि महापालिकेला सांडपाण्याचे पैसे मिळतात. वीज केंद्र नेहमीचं गिऱ्हाईक आहे, बारा महिने पाणी लागते, म्हणून ते गणित जमलं.

खेड्यात गिऱ्हाईक कोण? नाल्याकाठचे शेतकरी आत्ताच नाल्यात मोटर टाकून पालक-मेथी-सांबार (कोथिंबीर) पिकवतात, फुकट, अन् तीच भाजी आठवडी बाजारात आपण घेतो. त्यांना हाकलू नका, गिऱ्हाईक करा. आठवडी बाजाराचा लिलाव ग्रामपंचायत दरवर्षी करतेच ना, तसाच या पाण्याचा लिलाव करा, वर्षाचा ठेका, पण अटीवर: कच्ची खायची भाजी नाही. ढोरांचं वैरण, बांबू, पऱ्हाटी, संत्र्याला बुडाशी ठिबकनं, हे चालते. वीटभट्टीवाले, रस्त्याच्या कामावरचे टँकरवाले बी घेतात, त्यांच्याकडून टँकरमागं पावती फाडा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मात्र आधी पाण्यातल्या क्षाराची तपासणी करा, तिथं मूळ बोअरचंच पाणी खारं, प्लांटनं ते गोड होत नाही, आणि काळ्या मातीत खारं पाणी लावलं की जमीन बसते.

विकायच्या आधी तपासणी लागेलच. शासनाच्या २०१७ च्या अधिसूचनेत लहान शहरांच्या प्लांटसाठी बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती ते दाखवणारं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, तरंगता गाळ १०० च्या आत, आणि मैल्याचे जिवाणू १०० मिलीमध्ये १,००० च्या आत, असं आहे. रिपोर्ट दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. घेणाऱ्याचा बी भरवसा बसते.

पट्टी बसवायची कशी

इथं बहुतेक सरपंच मागं सरकतात. निवडणूक जवळ आली की तर विचारूच नका. पण कायदा तुमच्या बाजूनं आहे, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये सामान्य स्वच्छता कर बसवता येते, खाजगी खड्डा-टाकी साफ करायची फी घेता येते. ठराव घ्या, हरकती मागवा, नमुना ८ वर आकारणी अन् नमुना ९ वर मागणी चढवा, आणि पावती नमुना १० ची. पाणीपट्टीतच मिसळून घेऊ नका. काहून? मिसळलं की तो पैसा पाण्याच्या टाकीच्या वीजबिलात जाते अन् प्लांटला काहीच उरत नाही. वेगळा लेखाशीर्ष, जमलं तर वेगळं बँक खातं.

सगळ्यांना सारखा दर बी नको. ३०० रुपये वर्षाचे घराला, पण हॉटेल, खानावळ, मंगल कार्यालय, वॉशिंग सेंटर, लॉज यांना जास्त, काहून की एका मंगल कार्यालयाचं एका लग्नाचं पाणी आख्ख्या मोहल्ल्याच्या पाण्याइतकं असते. तूरडाळीची मिल, जिनिंग असेल तर त्यांचं पाणी वेगळं, ते घरच्या पाण्यात घेऊच नका, त्यांनी आपलं आपण शुद्ध करावं हा त्यांचा कायदा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घराला सूट द्या आणि ती सूट ग्रामसभेत वाचून दाखवा.

वसुली कधी करायची? कापूस, तूर घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. मार्चमध्ये गेलात तर बँकेचा माणूस तुमच्या आधी येऊन गेलेला असते.

आणि लोक विचारतीलच, "शासन पैसा देते तर आम्ही काहून भरायचं?" त्याला सरळ सांगा, शासन ट्रॅक्टर देते, डिझेल देत नाही. वरून दंडाची गोष्ट बी सांगा: सांडपाणी अन् कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून हरित लवादानं सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राला १२,००० कोटींची भरपाई लावली होती. तो पैसा कोणाच्या खिशातून, हे लोकांना बरोबर कळते.

ठेकेदाराचा करार

गंगेच्या कामात केंद्रानं एक पद्धत वापरली, तिला हॅम म्हणतात. ठेकेदाराला बांधकामाच्या वेळी ४० टक्केच पैसा, उरलेला ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत हप्त्यानं, आणि तोही प्लांट चालून पाणी ठरल्याप्रमाणं साफ आलं तर. गावपातळीवर इतकं जमणार नाही, योजनेच्या नियमात बसणार नाही, पण त्यातलं तत्त्व घ्या. टेंडरातच बांधकाम अधिक पाच वर्षं चालवणं असं एकत्र टाका. शेवटचं बिल प्लांट पूर्ण झाल्यावर नाही, एक पावसाळा अन् एक उन्हाळा काढून तीन रिपोर्ट पास झाल्यावर. एमबीवर (कामाच्या मोजमाप वहीवर) सही करणाऱ्याला म्हणा, नालीच्या तोंडाशी अन् प्लांटच्या शेवटी दोन्हीकडचं बाटलीतलं पाणी दाखव. मी एका गावात पाहिलेला प्लांट उद्घाटनाला चकाचक होता, फित कापली, फोटो झाले, अन् नंतर कळलं की गावाच्या अर्ध्या भागाची नाली प्लांटच्या पातळीपेक्षा खाली आहे, पाणी तिकडं चढणारच नाही. लेव्हल घेतली असती तर हे कागदावरच दिसलं असतं. म्हणून लेव्हल मोजणारा दुर्बीणवाला आला की सोबत जा, उताराचा नकाशा मागा, आणि प्लांटची जागा गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला आहे का ते स्वतःच्या डोळ्यानं बघा, पूररेषेच्या मात्र बाहेर.

ठरावात काय लिहायचं

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली कोणतीबी ग्रामसभा धरा. ठरावाचा मजकूर असा ठेवता येते, जशाचा तसा उतरवून आपले आकडे भरा:

"गावातील नालीच्या अंतिम मुखाशी दिनांक ___ रोजी मोजलेले सांडपाणी प्रतिदिन ___ लिटर आहे. सदर पाण्यावर प्रक्रिया करण्यासाठी गट क्रमांक ___ मधील जागा राखीव ठेवण्यात येत आहे. प्रकल्पाचा मासिक देखभाल खर्च ₹ ___ असून तो भागवण्यासाठी प्रति कुटुंब वार्षिक ₹ ___ व व्यावसायिकांसाठी वार्षिक ₹ ___ सामान्य स्वच्छता कर पुढील आर्थिक वर्षापासून लागू करण्यात येत आहे. जमा रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून तिचा वापर अन्य कामासाठी करण्यात येणार नाही. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा वार्षिक लिलाव करण्यात येईल. बांधकाम निधीची मागणी वरील कर आकारणीस मंजुरी मिळाल्यानंतरच पंचायत समितीकडे सादर करण्यात येईल."

शेवटचं वाक्य काढून टाका म्हणून ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) नक्की सांगतील, निधी परत जाईल अशी भीती घालतील. काढू नका. ज्या पंचायतीनं आधी स्वतःच्या गावाकडून वर्षाचे ३०० रुपये मंजूर करून घेतले, तिची फाइल बीडीओच्या टेबलावर बाकीच्या फाइलींपेक्षा वेगळी दिसते.